ब्रेकचें तेल कोठून गळतें?

ज्या यंत्रावर आपण आपला जीव भरंवशानें टाकितों, त्या यंत्राची निदान तोंडओळख आपणांस असावी, ही अपेक्षा कांहीं फार मोठी नव्हे. शाळेंत येणाऱ्या सायकलींकडे आज पाहिलें, तर त्यांतील पुष्कळ रुंद टायरांच्या, डोंगरी म्हणून विकल्या जाणाऱ्या आहेत. त्यांतील कांहींना तारेनें ओढले जाणारे रबरी ठोकळे नसून, चाकाच्या मध्यभागीं एक पातळ पोलादी चकती व तिला दोहों बाजूंनीं चिमटणारा, तेलाच्या दाबानें चालणारा ब्रेक असतो. तो एका बोटाच्या हलक्या ओढीनें लागतो, पावसांत भरंवसा देतो, आणि म्हणूनच मुलांस फार आवडतो. परंतु एके दिवशीं सायकलखालीं फरशीवर तेलाचा डाग दिसतो. तेव्हां काय होतें? बहुधा थोडें तेल भरवून घेण्यांत येतें, आणि सायकल पुन्हां रस्त्यावर धांवूं लागते. ह्या लेखांत आम्हांस एकच गोष्ट पटवावयाची आहे. तेल भरणें ही दुरुस्ती नव्हे. गळती कोठून आहे हें शोधून काढणें हाच दुरुस्तीचा मुख्य भाग होय. आणि जेथें तेल दिसतें तेथूनच तें गळत असतें, असें नाहीं.

ह्या ब्रेकचें तत्त्व नवें नाहीं. बंद पात्रांतील द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्व दिशांस सारखाच पसरतो, हा नियम ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) ह्या फ्रेंच गणितज्ञानें मांडिला. द्रवांच्या समतोलावरील त्याचा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ सालीं, प्रसिद्ध झाला. पुढें १७९५ सालीं जोसेफ ब्रामा ह्या इंग्रज कारागिरानें ह्याच नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. लहान दट्ट्यावर थोडा जोर दिला कीं मोठा दट्ट्या प्रचंड जोरानें सरके. पण ह्या यंत्रापुढची मोठी अडचण कोणती होती? गळतीची! दट्ट्याभोंवतीं भरणी घट्ट घातली तर दट्ट्या अडके. सैल घातली तर पाणी बाहेर येई. तेव्हां कातड्याचें असें एक कडें बसविण्यांत आलें कीं, पाण्याचा दाब जितका वाढे तितकें तें दट्ट्यास अधिक घट्ट बिलगे, आणि दाब जातांच सैल होई. ही युक्ति ब्रामाच्या कारखान्यांतील हेन्री मॉड्स्ले ह्याची म्हणून सांगण्यांत येते. आजच्या ब्रेकमधील रबरी कडीं हीं त्याच कातडी कड्याच्या कुळांतलीं होत. म्हणजे द्रवाच्या दाबानें चालणाऱ्या यंत्राचा इतिहास आणि गळती थांबविण्याचा इतिहास हे पहिल्यापासून एकत्रच चालले आहेत.

आतां ब्रेकची रचना पाहूं. हँडलवर बोटांनीं ओढावयाचा लिव्हर असतो. त्याच्या मुळाशीं एक बारीक नळकांडें, त्यांत एक दट्ट्या, आणि शेजारीं तेलाची लहानशी टांकी. तेथून एक बळकट नळी चाकाच्या आंसापाशीं बसविलेल्या कॅलिपरपर्यंत जाते. कॅलिपरमध्यें समोरासमोर दोन, किंवा भारी ब्रेकांत चार, दट्ट्ये असतात. त्यांच्यापुढें घर्षणाचे पॅड, आणि दोन पॅडांच्या मधून चकती फिरते. प्रत्येक दट्ट्याभोंवतीं चौकोनी छेदाचें एक रबरी कडें असतें. दट्ट्या पुढें सरकला कीं हें कडें किंचित् पिळलें जातें, आणि लिव्हर सोडतांच आपल्या मूळ आकारावर येतांना दट्ट्यास मागें ओढून घेतें. एकच कडें तेल अडवितें व पॅडही मागें घेतें; म्हणून त्याची हयगय झाली तर दोन्ही कामें बिघडतात.

थोडें गणित करूं. समजा, बोटाचा जोर ४ किलो आहे व लिव्हर तरफेच्या नियमानें तो पांचपट करितो. मग वरच्या दट्ट्यावर २० किलोंचा जोर पडेल. वरच्या दट्ट्याचा व्यास १० मिलिमीटर आणि खालच्या प्रत्येक दट्ट्याचा २२ मिलिमीटर असेल, तर क्षेत्रफळांचें प्रमाण १ : ४.८४ येतें, म्हणजे प्रत्येक पॅड सुमारें ९७ किलोंच्या जोरानें चकतीवर दाबला जाईल. त्या वेळीं तेलांतील दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २५ किलो होतो. मोटारीच्या टायरांतील हवेचा दाब ह्याच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतका असतो. इतक्या दाबाखालीं केसाएवढी फटही तेलास पुरे होते.

परंतु जोर वाढला तितकें अंतर घटलें, हेंही विसरतां कामा नये. वरचा दट्ट्या १० मिलिमीटर सरकला असतां खालचे दोन्ही दट्ट्ये जेमतेम १ मिलिमीटर सरकतात. आणि ह्या सगळ्या व्यवहारांत हलणारें तेल एक घनसेंटिमीटरही भरत नाहीं. पाण्याचे सुमारें २० थेंब मिळून एक घनसेंटिमीटर होतो. त्या मापानें हा सारा हिशेब सोळा थेंबांचा झाला! "चार थेंब गळाले तर काय बिघडलें?" असें जो म्हणतो त्यास हेंच उत्तर. टांकींत थोडा साठा असतो खरा. पण पॅड झिजत जातात तसे दट्ट्ये पुढें सरकतात व त्यांच्या मागची वाढलेली जागा भरून काढावी लागते, तिच्यासाठीं तो साठा असतो. गळतीसाठीं तो ठेविलेला नाहीं. तो संपला कीं नळींत हवा शिरते, आणि मग लिव्हर हँडलला टेकला तरी चाक थांबत नाहीं.

हें सर्व डोळ्यांनीं पाहावयाचें असेल तर घरींच एक प्रयोग करावा. औषधांच्या दुकानांतून सुया नसलेल्या दोन पिचकाऱ्या आणाव्या, एक लहान व एक मोठी. त्या एका पारदर्शक नळीनें जोडाव्या आणि आंत बुडबुडा न राहील अशा रीतीनें पाणी भरावें. मोठ्या पिचकारीचा दट्ट्या सोबत्यानें घट्ट धरून ठेवावा व आपण लहान दाबावा. तो दगडासारखा लागेल. कारण पाणी दाबून आकुंचत नाहीं म्हटलें तरी चालेल. ही निरोगी ब्रेकची स्थिति. आतां नळींत मुद्दाम एक बुडबुडा राहूं द्यावा व पुन्हां दाबावें. दट्ट्या स्पंजासारखा आंत जाईल. पण कांहीं अंतरावर थांबेल व तेथेंच राहील. ही हवा शिरलेल्या ब्रेकची स्थिति. शेवटीं वडील माणसाकडून नळीस टांचणीनें एक छिद्र पाडून घ्यावें. आतां दट्ट्या कोठेंच थांबणार नाहीं. दाब कायम ठेवला तर तो हळूहळू खालीं जातच राहील. ही गळक्या ब्रेकची स्थिति.

सायकलीवरही हीच परीक्षा करावी. सायकल उभी असतां लिव्हर जोरानें ओढून मिनिटभर तसाच धरावा. लिव्हर मऊ लागला, पण थांबला व स्थिर राहिला, तर बहुधा हवा आहे. तो कठीण लागला, पण पूर्वीपेक्षां पुष्कळ आंत जाऊन थांबला, तर आधीं पॅड पाहावे. त्यांवरील घर्षणाचा थर अर्ध्या मिलिमीटरावर आला असेल तर ते बदलण्याची वेळ झाली आहे. आणि धरून ठेवलेला लिव्हर हळूहळू हँडलकडे सरकतच राहिला, तर तेल कोठें तरी वाट काढीत आहे हें निश्चित समजावें. बाहेर एक थेंबही दिसत नसेल, तर तें लिव्हरमधील दट्ट्याच्या झिजलेल्या कड्यावरून परत टांकींतच जात असण्याचा संभव असतो. गळती नेहमीं डोळ्यांस दिसेलच असें नाहीं.

"पण ब्रेक अजून लागतो आहे!" असें मुलें म्हणतात. सपाट रस्त्यावर तो लागेलही. खरी परीक्षा उतारावर असते. ८० किलोंचा स्वार-सायकलीचा जोड ६०० मीटर खालीं उतरतो, तेव्हां सुमारें ४,७०,००० जूल ऊर्जा कोठें तरी खर्च व्हावी लागते. कांहीं वारा घेतो, कांहीं टायर घेतात. पण हळूं व ब्रेक धरून उतरलें तर बराच मोठा भाग ब्रेकमध्यें उष्णता होऊन राहतो. ही सर्व ऊर्जा पाण्यास दिली, तर २० अंश सेल्सिअसचें सुमारें १.४ लिटर पाणी उकळूं लागेल. ती झेलावयास असते जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची चकती! डोंगरी सायकलींचा उगमच ह्या अडचणीशीं बांधलेला आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत १९७६ सालीं कांहीं तरुणांनीं जुन्या, जड सायकली घेऊन एका उभ्या डोंगरी रस्त्यावर उतरण्याची शर्यत सुरू केली. त्या सायकलींचा ब्रेक पेडल उलटें दाबून लागे, आणि एका उतरणींतच तो इतका तापे कीं चाकाच्या तुंब्यांतील ग्रीस जळून धूर निघे. मग तुंबा उघडून त्यांत पुन्हां ग्रीस भरावें लागे. 'पुन्हां भरणें' ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या रस्त्याचें व शर्यतीचें नांवच 'रीपॅक' पडलें. सह्याद्रीचा कोणताही घाट उतरणाऱ्या मुलानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. निरोगी ब्रेकलाही उतार कठीण. गळक्या ब्रेकला तो न झेपणारा.

आतां गळती शोधावयाची कशी तें सांगतों. तेल खालीं वाहतें, नळीच्या पाठीवरून घसरत जातें, आणि शेवटीं जेथें टोंक सांपडेल तेथें ठिबकतें. म्हणून कॅलिपरखालीं डाग दिसला तरी उगम वरच्या जोडांत असूं शकतो. ह्यास्तव पहिलें काम स्वच्छतेचें. लिव्हर, नळी व कॅलिपर ह्यांच्यावरील सारें तेल व धूळ स्वच्छ फडक्यानें पुसावी. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुन्हां पुसावें व पूर्ण वाळूं द्यावें. नंतर प्रत्येक जोडाभोंवतीं टीपकागदाची किंवा पातळ कागदी रुमालाची पट्टी गुंडाळावी, लिव्हर वीस-तीस वेळां जोरानें ओढावा, आणि शेवटीं ओढलेल्या स्थितींत पट्ट्यानें हँडलशीं बांधून सायकल रात्रभर सरळ उभी ठेवावी. सकाळीं जी पट्टी ओली असेल ती बोलेल. एकाहून अधिक पट्ट्या ओल्या असतील, तर त्यांतील सर्वांत वरची प्रथम संशयित धरावी.

पाहावयाचीं ठिकाणें मुख्यतः पांच आहेत.

पहिलें ठिकाण लिव्हरचें मूळ व टांकीचें झांकण. झांकणाखालचा रबरी पडदा दुमडला असेल, स्क्रू सैल असेल, किंवा हवा काढण्याच्या छिद्रावरील स्क्रूचें बारीक कडें हरवलें असेल, तर तेल झिरपतें. हा दोष बहुधा किरकोळ असतो. पण दट्ट्याच्या तोंडावरील रबरी टोपीखालीं तेल सांपडलें, तर आंतील कडें झिजलें असें समजावें. तें काम कारागिराचें.

दुसरें ठिकाण नळी लिव्हरमध्यें शिरते तो जोड. येथें नटाच्या खालीं एक लहानसें पितळी कडें असतें. नट आवळला कीं तें चेपून नळीस मिठी मारतें. एकदां चेपलेलें कडें दुसऱ्यानें तसेंच बसत नाहीं. म्हणून नळी कापून लहान केली असतां तें नवें घालावें लागतें. जोड ओला दिसला कीं पान्ह्यानें जीव खाऊन आवळण्याचा मोह होतो. तो आवरावा. शिमानोच्या पुष्कळ ब्रेकांत हा नट ५ ते ७ न्यूटन-मीटरइतकाच आवळावयाचा असतो. ह्यापुढें आटे जातात, आणि दहा रुपयांच्या कामाचें हजारांचें काम होतें.

तिसरें ठिकाण स्वतः नळी. ती जेथें चौकटीवर घासते, जेथें तीव्र वळण घेते, किंवा पडल्यावर जेथें चेपली असेल, तेथें बोट फिरवून पाहावें. नळीस चीर आढळली तर चिकटपट्टी गुंडाळून भागत नाहीं. वर सांगितलेला दाब कोणतीही पट्टी सोसणार नाहीं. नळीच बदलावी.

चौथें ठिकाण नळी व कॅलिपर ह्यांचा जोड, आणि हवा काढण्याची तोटी. जोडाच्या बोल्टच्या दोहों बाजूंस वॉशर किंवा रबरी कडीं असतात. तीं चेपलीं वा फाटलीं असतां येथें तेल येतें. तोटी नुसती सैल राहिलेली असणें, हाही नेहमींचाच प्रकार.

पांचवें ठिकाण सर्वांत फसवें: कॅलिपरच्या पोटांतील दट्ट्यांचीं कडीं. येथील तेल बाहेर न येतां थेट पॅडांवर जातें. जमिनीवर डाग नाहीं, पण ब्रेक किंचाळतो, धरीत नाहीं, आणि पॅड बाहेर काढल्यावर मागची बाजू ओलसर दिसते. चाक काढावें, पॅड काढावे, दट्ट्यांचीं तोंडें पुसून कोरडीं करावीं, मध्यें ठोकळा घालून लिव्हर हलक्या हातानें दाबावा, आणि कोणत्या दट्ट्याच्या कडेस तेलाची रेषा उमटते तें पाहावें. ठोकळा घालण्यास विसरूं नये. नाहीं तर दट्ट्या बाहेर निघून येईल व सारें तेल हातावर सांडेल. हीं कडीं कांहीं कारखानदार सुटीं विकतात. कांहींच्या बाबतींत अख्खा कॅलिपरच बदलावा लागतो.

येथें एक सावधगिरीची सूचना. पॅडांवर तेल दिसलें म्हणजे ब्रेक गळतोच, असा निकाल घाईनें देऊं नये. साखळीवर उडविलेलें तेल वाऱ्यानें चकतीवर जातें. तेलकट हात चकतीस लागतो. मागें तेल भरतांना सांडलेले थेंब तसेच राहतात. म्हणूनच आधीं पुसणें व मग पाहणें हा क्रम आम्ही आग्रहानें सांगितला. पुसल्यावर जें पुन्हां येत नाहीं, ती गळती नव्हे. चकती अल्कोहोलनें स्वच्छ होते; पण तेल प्यालेले पॅड पुन्हां भरंवशाचे होत नाहींत. ते शेगडीवर भाजून पाहण्यापेक्षां टाकून द्यावे. मात्र गळती बंद केल्यावांचून नवे पॅड घालूं नयेत. नवेही त्याच वाटेनें जातील.

दुरुस्तीनंतर तेल कोणतें भरावयाचें, हा प्रश्न लहान दिसतो, पण त्यांत घात आहे. ब्रेकचीं तेलें दोन जातींचीं. एक खनिज तेल. शिमानो, मागुरा व टेक्ट्रो ह्यांच्या ब्रेकांत तें असतें. दुसरें मोटारींत वापरतात तें 'डॉट ४' किंवा 'डॉट ५.१' ह्या खुणेचें. दोहोंसाठीं रबरी कडीं निरनिराळ्या रबराचीं असतात. एकाच्या ठिकाणीं दुसरें घातलें तर कडीं फुगतात, नासतात, आणि नवी गळती आपल्या हातानें निर्माण होते. 'डॉट ५' हें तर सिलिकोनचें निराळेंच तेल. अंक जवळचा म्हणून तें घालूं नये. डॉट ४ व ५.१ हवेंतील ओलावा शोषून घेतात: नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदु किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरूं शकतो. म्हणून उघडी राहिलेली बाटली वापरूं नये. हें तेल रंगही खातें. सांडल्यास लागलीच पाण्यानें धुवावें. आपल्या ब्रेकला कोणतें लागतें तें बहुधा टांकीच्या झांकणावर किंवा लिव्हरवर छापलेलें असतें. तें वाचावें, कोणाच्या अंदाजावर जाऊं नये. घरांतील खोबरेल, शेंगदाण्याचें किंवा शिवणयंत्राचें तेल ह्यांचा विचारही मनांत आणूं नये.

काम पुरें झाल्यावर हवा काढावी, पट्ट्यांची परीक्षा पुन्हां एक रात्र करावी, मग सपाट मैदानांत पायीं चालण्याच्या वेगानें ब्रेक लावून पाहावा, आणि नवे पॅड बसविले असतील तर वीसेक वेळां हळूं थांबून त्यांची चकतीशीं गांठ घालून द्यावी. त्यानंतरच उतार. उतरून आल्यावर चकतीस बोट लावूं नये, ती भाजते.

विद्यार्थी मित्रांनो, ह्यांतील पुसणें, पट्ट्या बांधणें, पाहणें व लिव्हर धरून परीक्षा करणें हें सर्व तुमचें काम आहे. त्यास फडकें, कागद व धीर एवढेंच लागतें. कडीं बदलणें, नळी बसविणें व हवा काढणें हें जाणत्याच्या हाताखालीं शिकावें. ब्रेक गळतो हें कळल्यावर दुसरा ब्रेक शाबूत आहे म्हणून सायकलीवर बसूं नये. ती हातांत धरून घरीं आणावी. रस्त्यावर आपल्यापुढें एखादें लेंकरूं असतें, एखादी म्हातारी असते. आपला ब्रेक त्यांचाही असतो.

आणि पालकांस आमची एकच विनंति. दुकानांतून सायकल परत घेतांना पैसे देण्यापूर्वीं कारागिरास विचारावें, "तेल कोठून गळत होतें?" त्यानें जोड, कडें किंवा नळी दाखविली, तर काम झालें आहे. "तेल भरून दिलें आहे" एवढेंच उत्तर आलें, तर सायकल तेथेंच ठेवावी. मुलास एक दिवस पायीं शाळेंत यावें लागेल; त्या दिवशीं तो उशिरां आला तरी आम्ही त्यास कारण विचारणार नाहीं.